सरुबाईचं पान

"कुणासाठी तळताय, भामाताई?" कुंपणाच्या भिंतीपलीकडून लैलाने विचारलं.

"सरूताईसाठी." मागच्या ओट्यावर शेगडी मांडून बसलेल्या भामाबाईंनी कढईत आणखी एक वडा सोडला.

"पण गुरुजी म्हणाले ना, यंदापासून नवमी बंद?"

"गुरुजी म्हनले. मी कुटं म्हनले?"

लैला हसली नाही. शेजाराला राहून वीस वर्षं झाली होती, या घराची तऱ्हा तिला पाठ होती. "वडे छान फुगलेत हां," एवढं म्हणून ती आत गेली.

गुरुजींचं म्हणणं रीतीला धरूनच होतं. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचा म्हाळ पितृपक्षातल्या नवमीला घालतात आणि तिच्या नावाने एका सवाष्णीला जेवू घालतात. पण हे सगळं नवरा आहे तोवर. तोही गेला की नवमी संपते आणि बायकोचं नाव त्याच्या तिथीला जोडलं जातं. लेखक भिमाजी गराडे या फेब्रुवारीत गेले, त्यामुळे त्यांच्या पहिल्या बायकोची, सरुबाईची, गेल्या वर्षीची नवमी शेवटची ठरली होती. दुसऱ्या बायकोने, म्हणजे भामाबाईंनी, हे फोनवर ऐकून घेतलं, "बरं" म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी लोणावळ्याच्या बाजारातून गवार, कारली, लाल भोपळा आणि अळूची पानं घेऊन आल्या.

पंचवीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली होती. त्या पंचवीस वर्षांत त्यांनी कुणाला काही सवलत दिल्याचं कुणालाच आठवत नाही. मे महिन्यात निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाच्या भाषणात एक जण "बाई शिस्तीच्या" म्हणाला आणि मागच्या रांगेने जरा जास्तच टाळ्या वाजवल्या. भामाबाईंनी त्या टाळ्याही खाली मान घालून ऐकल्या नाहीत, कोण वाजवतंय ते नीट पाहून घेतलं.

आज मात्र त्यांना एक गोष्ट सांगायची होती. सात महिने ती छातीवर बसली होती. जिला सांगायची, ती बाई या घरात वर्षातून एकदाच पाऊल टाकायची, नवमीला, दुपारी बारा वाजता. आज आली तर आली. पुढच्या वर्षी तिला यायचं काही कारणच उरणार नव्हतं. आणि ही गोष्ट सांगितल्याशिवाय आपल्याला सुखाने मरण यायचं नाही, हे भामाबाईंना पक्कं कळून चुकलं होतं.

ती बाई म्हणजे प्रेरणा, भिमाजींची एकुलती एक मुलगी. तळेगावच्या एका कॉलेजात शिकवते. वय सत्तेचाळीस. भामाबाईंशी ती गेल्या दहा वर्षांत एक शब्द बोललेली नाही.

भिमाजींच्या गावी, सुदुंबऱ्यात, गराड्यांचं घर अबोल्यासाठी प्रसिद्ध होतं. भिमाजींचे वडील आणि चुलते बांधावरच्या एका जांभळीवरून सतरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. राहायचे एका घरात, जेवायचे एका चुलीवरचं, आणि निरोप द्यायचा झाला की गोठ्यात जाऊन बैलाला सांगायचे, "ढवळ्या, सांग त्याला, उद्या पाणी आमचं." ही हकिकत भिमाजींनी पुढे एका कादंबरीत घातली. तिला मोठं पारितोषिक मिळालं आणि त्यातला तुकडा शाळेच्या पुस्तकात धडा म्हणून लागला. दोन पिढ्यांची पोरं तो धडा वाचून खो खो हसली. स्वतः भिमाजी मात्र त्या धड्यातून काडीचंही शिकले नव्हते.

त्यांची आणि भामाबाईंची ओळख झाली तीच मुळी कार्ला फाट्यावर उतरवण्यावरून. सकाळची लोणावळ्याहून तळेगावला जाणारी गाडी. भिमाजींनी ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट मागितलं. भामाबाईंनी कार्ड मागितलं.

"माझा चेहरा हेच माझं कार्ड," भिमाजी म्हणाले.

"चेहऱ्यावर जन्मतारीख कुटं लिवलीय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, अहो गराडे सर आहेत ते. धडा आहे त्यांचा पुस्तकात."

"धडा असंल. कार्ड हाय का?"

कार्ड खिशात होतं. हे पुढे भिमाजीच भाषणांतून रंगवून सांगायचे. खिशात होतं, पण काढायचं नाही असं ठरलं होतं. पूर्ण तिकीट काढायचं नाही, असंही ठरलं होतं. भामाबाईंनी घंटी मारली, गाडी थांबली आणि महाराष्ट्राचा नावाजलेला लेखक भर उन्हात फाट्यावर उतरला. मागून येणाऱ्या एकाही गाडीला त्याने हात केला नाही. चालत घरी गेला आणि डेपोला चार पानी तक्रार लिहिली. तक्रारीचं काही झालं नाही, कारण नियम भामाबाईंच्या बाजूने होता.

दुसऱ्या दिवसापासून भिमाजी रोज त्याच गाडीला येऊ लागले. पूर्ण तिकीट काढायचे, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसायचे, कामशेतला उतरून चहा प्यायचे आणि परत यायचे. बोलणं बंद. ही बाई आज ना उद्या माफी मागेल अशी त्यांची खात्री होती. हा म्हातारा आज ना उद्या कार्ड काढेल अशी भामाबाईंची. असे आठ महिने गेले. ड्रायव्हर मंडळी दोघांवर पैजा लावू लागली होती. मग एकदा तीन दिवस बाक रिकामा राहिला, आणि चौथ्या दिवशी, साप्ताहिक सुट्टीला, भामाबाई पत्ता विचारत विचारत तुंगार्लीतल्या या घरी येऊन उभ्या राहिल्या. भिमाजी तापाने फणफणले होते. घरात पाणी द्यायलाही कुणी नव्हतं.

"तीन दिस आला न्हाईत."

"कार्ड बघायला आलात?"

"व्हय. दाखवा."

भिमाजींनी उशाखालून कार्ड काढून दिलं. भामाबाईंनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, परत केलं, आणि गॅस कुठे आहे ते विचारून पेज करायला गेल्या. चार महिन्यांनी वडगावला नोंदणी करून लग्न झालं. साक्षीला शेजारचे इनायतभाई आणि त्यांची बायको लैला.

लोकांनी तोंडात बोटं घातली. एवढा मोठा लेखक, वय सदुसष्ट, आणि बायको केली कोण, तर दहावी झालेली, पहिल्या नवऱ्याशी काडीमोड झालेली कंडक्टरीण! भामाबाईंनी त्यांचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं आणि पुढेही वाचलं नाही. "मानूस घरात हाय, त्याला पुस्तकात कशाला हुडकू?" असं त्या मुलाखतीला आलेल्या माणसालाच तोंडावर म्हणाल्या. नवरा-बायकोचं रोज भांडण व्हायचं, पेपर आधी कुणी वाचायचा इथपासून. पण अबोला एकदाही झाला नाही. भामाबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "माज्याशी भांडा, काय बी म्हना. गप बसाल तर मी डेपोत जाऊन झोपंन." गराड्यांच्या घराण्यात असलं कुणी कधी बोललं नव्हतं. भिमाजी घाबरले आणि भांडत राहिले.

प्रेरणाचं प्रकरण वेगळं होतं. आई गेल्यावर तिने बापाला तळेगावला नेण्यासाठी तीन वर्षं जंग जंग पछाडलं होतं. मुलीच्या दारात राहणार नाही, हे बापाचं उत्तर. आणि मग एके दिवशी बापाने लग्न केल्याचं तिने वर्तमानपत्रात वाचलं. फोन नाही, चिठ्ठी नाही. तिने त्याच दिवशी ठरवलं, तुमच्या दारात मीही नाही.

ती पुन्हा आली ती नवमीमुळे. लग्नानंतरच्या पहिल्या पितृपक्षात भिमाजींचे चुलतभाऊ हनुमंतराव सुदुंबऱ्याहून आले होते. जाता जाता म्हणाले, "कंडक्टरीन कसली घालतीय आमच्या सरूवहिनीचा म्हाळ." झालं. भामाबाईंनी रजा टाकली, गल्लीतली एक सवाष्ण सांगितली आणि पहाटेपासून चुलीशी उभ्या राहिल्या. ही बातमी तळेगावला पोचली. बाराच्या ठोक्याला प्रेरणा दारात उभी. "आबा, माझ्या आईच्या नावाने परकी बाई जेवणार नाही. मी जेवेन," असं तिने बापाला सांगितलं आणि पाटावर बसली. गल्लीतली सवाष्ण आल्या पावली परत गेली.

तेव्हापासून दर वर्षी हेच. एक तिच्या हातचं जेवायला नको म्हणून धुमसत जेवायची, दुसरी वाढायला नको म्हणून धुमसत वाढायची. मध्ये आबा. म्हणजे आबा आतल्या खोलीत. श्राद्धपक्षाविरुद्ध त्यांनी उभा जन्म लेख लिहिले होते, त्यामुळे ते दार लावून बसायचे आणि वड्यांचं ताट तेवढं आत मागवायचे.

"आबा, त्यांना सांगा, भाजी अळणी आहे."

"ऐकलं तिनं. बहिरी नाही ती," आतून आवाज यायचा.

भामाबाई तरी काय! नवऱ्याला अबोला धरू न देणारी बाई, पण प्रेरणाशी त्यांनीही अबोला धरला. ही आधी बोलेल तेव्हा बोलू. गराड्यांचं वारं त्यांनाही लागलं म्हणायचं.

बारा वाजले. फाटकापाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. भामाबाईंनी हात पुसले, पदर सारखा केला आणि आपण दाराकडे पाहत नव्हतो असं दाखवत पानं मांडायला घेतली. एक पान सरुबाईच्या फोटोसमोर, एक सवाष्णीचं.

प्रेरणा आत आली. पाय धुतले, पाटावर बसली. तिच्या केसांत फेब्रुवारीपेक्षा बरंच पांढरं दिसत होतं. पाटाशेजारी खण-नारळ ठेवलेला होता. विधवेच्या हाताने ओटी भरत नाहीत, म्हणून भामाबाईंनी तो नुसताच जमिनीवर ठेवला होता. प्रेरणाने तो पाहिला.

भामाबाई वाढत राहिल्या. आधी सरुबाईच्या पानावर, मग तिच्या. खीर, वडे, अळूवडी, कढी. प्रेरणाने पानाभोवती पाणी फिरवलं आणि खाऊ लागली. बराच वेळ फक्त बांगड्यांचा आणि पळीचा आवाज. मग सवयीने तिने आतल्या खोलीकडे मान वळवली.

"आबा, त्यांना..."

खोलीचं दार उघडं होतं. आत पलंगावर घडी घातलेली चादर दिसत होती.

प्रेरणाने मान खाली घातली. मग आईच्या पानाकडे पाहून म्हणाली, "आई, ह्यांना सांग, भात थोडाच वाढा."

मग त्याही फोटोकडे पाहून म्हणाल्या, "सरूताई, लेकीला इचारा, वडा घालू का आजून."

"आई, सांग, नको. आणि हेही विचार, गुरुजींनी बंद सांगितलेली नवमी कशाला घातली? कुणाला दाखवायला?"

"सरूताई, इचारा लेकीला, बंद झालेल्या नवमीला ती कशापायी आली मग?"

"आई, सांग त्यांना, माझ्या आईचं पान आहे. बंद करायचं का चालू ठेवायचं ते मी ठरवीन."

"सरूताई, धा वर्सं कुनी रांदलं ते बी सांगा म्हनावं."

"रांधलं म्हणजे उपकार केले का? आई, विचार त्यांना!"

"उपकार कुटं म्हनलं मी? इचारा सरूताई, म्हनलं का मी?"

बिचाऱ्या सरुबाईच्या पानावरची खीर तशीच होती आणि दोन्ही बाजूंनी तिच्यावर मारा चालला होता. जिवंतपणी ती कधी मोठ्याने बोललेली कुणी ऐकली नव्हती. प्रेरणाचा आवाज चढत गेला. तिने हातातला घास पानात टाकला.

"आई, आता एवढंच विचार. माणूस तीन तास जातोय हे डोळ्यांना दिसत होतं. घरात फोन होता की नव्हता?"

भामाबाईंच्या हातातली पळी कढीच्या पातेल्यात पडली.

हेच ते. सात महिने हेच. "सरूताई, लेकीला सांगा," असं त्यांनी म्हटलंसुद्धा, पण पुढे तोंडातून शब्द फुटेना. ही गोष्ट मेलेल्या बाईच्या तोंडून सांगण्यासारखी नव्हती. त्यांनी पातेलं खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून त्या पानासमोर जमिनीवर बसल्या आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"प्रेरणा."

प्रेरणा दचकली.

"फोन हुता. तुजा नंबर बी हुता. नवाला डॉक्टर म्हनले, मान्सं बोलवून घ्या. फोन माज्या हातात हुता. तुजं नाव काडलं बग मी. आन् न्हाई लावला. म्हनलं, धा वर्सांत ही माज्याशी बोलली न्हाई, आदी मी का बोलू? इनायतभाईंला म्हनलं, तुमी लावा. त्यांचा लागला न्हाई. साडेअकराला तुज्या नवऱ्याचा नंबर गावला, तवा कुटं तुला कळलं. तवर उशीर झाला. मी लावला असता तर तू दहाला हितं आली असतीस. माज्यामुळं तुला तुजा बाप जिता दिसला न्हाई. ही माजी चूक. लय मोटी चूक."

बोलून झालं. भामाबाई थांबल्या. आता ही ओरडेल, ताट भिरकावेल, काय करायचं ते करो. त्यांची तयारी होती.

प्रेरणा ओरडली नाही. ती पानावरच्या मिठाच्या ढिगाकडे पाहत राहिली.

"इनायतचाचांचा फोन लागला होता," ती म्हणाली.

"लागला न्हाई. त्यांनी सोता सांगितलं मला."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं असेल. किंवा मला वाईट वाटू नये म्हणून. लागला होता. तीनदा." तिने श्वास घेतला. "मी कापला. नाव दिसत होतं. स्टाफरूममध्ये बसले होते, तास नव्हता, काही नव्हतं. आबांना दवाखान्यातून हट्टाने घरी आणलंय एवढं माहीत होतं. मला वाटलं, पुन्हा तेच, दुसऱ्याला पुढे करायचं. म्हटलं, स्वतः करू दे तिला. तिचं नाव दिसेल तेव्हा उचलीन."

स्वयंपाकघरात गॅसवर ठेवलेलं पाणी उकळून उकळून आटायला आलं होतं. कुणी उठलं नाही.

भामाबाईंना वाटलं होतं, सांगून टाकलं की छाती मोकळी होईल. मोकळी कसली! त्यांचं अंग पेटलं. सात महिने आपण एकट्याच स्वतःला खात होतो, आणि निम्मा वाटा हिचा होता. निम्मा वाटा घेऊन ही खुशाल तळेगावला बसली होती. वर दहाव्याला, घाटावर, सगळ्या गावासमोर हिने आपल्याकडे बोट केलं होतं, ह्या बाईने मला कळू दिलं नाही म्हणून. हनुमंतराव तेव्हापासून समोर आले की तोंड फिरवतात.

"आन् घाटावर माज्याकडं बोट केलंस?"

"केलं."

"सगळ्या सुदुंबऱ्याम्होरं?"

"केलं म्हटलं ना! मग काय स्वतःकडे करू? कसं करतात ते? सांगा मला!"

"ऊठ." भामाबाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज गाडीच्या मागच्या बाकापर्यंत जायचा तसा निघाला. "ऊठ हितनं. ऊठ माज्या घरातनं!"

"पानावरून उठवू नका." प्रेरणाही तेवढ्याच आवाजात म्हणाली. "आईच्या नावाने बसलेय. पूर्ण जेवून उठणार."

आणि ती जेवली. भात संपवला, वडा संपवला, अळूवडी संपवली, बाजूला सारलेली कारल्याची भाजीसुद्धा संपवली. भामाबाई भिंतीला पाठ लावून तिच्या डोक्यावर उभ्या होत्या. एवढा राग त्यांना आयुष्यात कुणाचा आला नव्हता, पहिल्या नवऱ्याचाही नाही. पानावरची खीर संपलेली दिसली तेव्हा त्यांनी पुढे होऊन न विचारता आणखी एक वाटी ओतली, आणि प्रेरणाने तीही संपवली.

हात धुऊन ती पदराला हात पुसत उभी राहिली. आता जाईल, असं भामाबाईंना वाटलं. ती फाटकाकडे न जाता आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी गेली. दहा वर्षांत ती या खोलीत गेली नव्हती. फेब्रुवारीत आली तेव्हा आबांना बाहेर आणून ठेवलेलं होतं.

"इथेच होते?"

"व्हय."

"डोकं कुठल्या बाजूला?"

भामाबाईंना वाटलं, उत्तर द्यायचं नाही. मग त्या तिच्या मागून खोलीत गेल्या आणि पलंगाच्या कडेवर हात ठेवला. "हितं. तीन उशा लागायच्या. आडवं झालं की धाप लागायची."

प्रेरणा पलंगावर बसली. "सगळं सांगा. नवापासून."

"काय करायचंय ऐकून?"

"माझे तीन तास आहेत ते. सांगा."

तिचा स्वर मागणाऱ्याचा नव्हता, वसूल करणाऱ्याचा होता. तरी भामाबाईंना तो कळला. त्या टेबलाजवळच्या खुर्चीवर बसल्या.

"नवाला डॉक्टर येऊन गेले. म्हनले, परत दवाखान्यात न्या, न्हाईतर मान्सं बोलवून घ्या. हे म्हनले, मला उचलून न्याल तर वाटंत उतरंन. साडेनवाला चहा मागितला. मी म्हनलं, डॉक्टरनी न्हाई सांगितला. तर म्हनले, डॉक्टरला काय कळतंय. अर्दा कप दिला."

"साखर घातली?"

"घातली. दोन चमचे."

"मग?"

"मग भांडले. पेपरात कुनी कायतरी लिवलं हुतं, ते मला वाचाया लावलं आन् मधीच म्हनले, चुकीचं वाचतीस. दहाला मी इचारलं, प्रेरणाला बोलवू का?"

प्रेरणाने चादरीची कड मुठीत धरली. "काय म्हणाले?"

"म्हनले, मी कशाला बोलवू? तिला यायचं तर यील. पर दाराकडं बगत हुते. मी म्होरं उबी राहिले तर मला म्हनले, बाजूला व्हय."

"अकराला?"

"अकराला डोळा लागला. मदी एकदा जागं झालं, पानी प्यालं. दोन घोट. इनायतभाई आले, त्यांनी पाय चेपले. हात गार पडाया लागलेले. मी तेल चोळत बसले."

"बोलत होते?"

"हळूहळू कमी झालं."

बाहेर लैलाने कपडे वाळत घालताना दोरी ओढल्याचा आवाज आला. प्रेरणाने पुढचा प्रश्न भामाबाईंकडे न पाहता, समोरच्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहून विचारला.

"माझं नाव घेतलं?"

हो म्हणणं अवघड नव्हतं. खोलीत तिसरा कुणी साक्षीला नव्हता, इनायतभाई तेवढ्यात डॉक्टरांना आणायला गेले होते. एका शब्दाचं काम होतं, आणि ही पोर तो शब्द घेऊन शांतपणे तळेगावला गेली असती. भामाबाईंच्या ओठांवर तो आलाही होता.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

"एकदाही नाही?"

"न्हाई. माजं बी न्हाई घेतलं."

प्रेरणाने त्यांच्याकडे पाहिलं. भामाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडवलं, परत गुंडाळलं. ही गोष्ट त्यांनी लैलालासुद्धा सांगितली नव्हती.

"बारा वाजून गेले हुते. डोळं उगडले, माज्याकडं बगितलं, हात धरला माजा. लय घट्ट धरला. आन् म्हनले, सरू, वारं लागतंय. खिडकी लाव."

प्रेरणाचे डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसले नाहीत.

"मग?" ती शेवटी म्हणाली. "तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

"काय म्हनायचं?" भामाबाई म्हणाल्या. "उटले आन् लावली."